दादाचं ध्येय, आईचे दात

काहीही न करता दमायची कला माझ्या भावाइतकी कोणाला साधलेली मी पाहिलेली नाही. संध्याकाळी तो आमच्याकडे येतो, खुर्चीत अंग टाकतो, कपाळावरून हात फिरवतो आणि म्हणतो, "आज फार विचार झाला." लाकडं फोडणारी माणसंसुद्धा एवढी दमत नसतील.

आळशी असता तर मी त्याचा नाद कधीच सोडला असता. पण दादा आळशी नाही, आणि तिथेच सगळं घोडं अडतं. तो कवळ्या बनवतो. बाजारामागच्या गल्लीत, छापखान्याच्या वरच्या मजल्यावर त्यांची लॅब आहे. दातांचे डॉक्टर रुग्णाच्या जबड्याचं माप घेऊन खोक्यात घालून तिथे पाठवतात. त्या मापावरून दादा प्लास्टरचा जबडा ओततो, त्यावर मेणाची हिरडी चढवतो, तिच्यात एकेक दात बसवतो आणि शेवटी सगळं घासूनपुसून चकचकीत करतो. खोक्यावर नाव नसतं, नुसता डॉक्टरांचा नंबर असतो. कुणाचं तोंड आहे, त्या तोंडाने काय खायचंय, कुणाला शिव्या घालायच्यात, कशाचा पत्ता नाही. मालक मागे उभे राहून घड्याळाकडे बघत असतात आणि ठरल्या दिवशी कवळी बाहेर पडते. डॉक्टर लोक त्याच्या हाताचं नाव काढतात. हे मी त्याच्या कौतुकासाठी सांगत नाहीये. माझा संताप पुढे नीट समजावा म्हणून सांगतेय.

आईचे उरलेसुरले दात काढून टाकावे लागले तेव्हा आम्हाला कोणालाच काळजी वाटली नाही. घरात कवळीवाला बसलाय म्हटल्यावर काळजी कसली! शिवाय त्यांच्या लॅबमध्ये एक रीत आहे. कामगाराच्या आईबापांचे दात त्यानेच करायचे. मालक सामान फुकट देतात, पण दुसरा कोणी त्या कामाला हात लावत नाही. लावला तर तो त्या कामगाराचा अपमान समजतात. पलीकडच्या टेबलावरच्या माणसाने आपल्या वडिलांचे दात केले तेव्हा सगळ्या लॅबने उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या म्हणे. दादाने ते घरी येऊन सांगितलं तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. मला तेव्हाच सावध व्हायला हवं होतं, पण मला वाटलं, चला, कामाला तरी लागेल.

त्याच सुमारास मालकांना दुर्बुद्धी सुचली. माणसं कामात चुका करतात म्हणून त्यांनी बाहेरून एक व्याख्याता बोलावला. गालाला चिकटवलेला माइक, पांढरे बूट, आणि बोलताना सारखा इकडून तिकडे फिरणारा. त्याने सगळ्यांना ध्येय ठरवायला शिकवलं. बाकीच्या कामगारांनी चहाबिस्किटं खाल्ली आणि ते घरी गेले. आमच्या दादाला मात्र साक्षात्कार झाला. "ध्येय डोळ्यांसमोर दिसलं पाहिजे," तो आम्हाला सांगायला लागला. "त्याचे टप्पे पाडले पाहिजेत. आणि चार लोकांत बोलून दाखवलं पाहिजे, म्हणजे माणसाला माघार घेता येत नाही."

वहिनी भांडी पुसत होती. ती म्हणाली, "बोलून दाखवायला ह्यांना शिकवणी कशाला लागते?"

पण त्याने बोलून दाखवलंच. मावशीकडची माणसं जेवायला आली होती. दादा पेला हातात घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आईला मी असे दात करून देणार आहे, की ती हसली तर लोक म्हणतील, हिचे दात कधी गेलेच नव्हते." मावशीने डोळ्यांना रुमाल लावला. मावशीच्या यजमानांनी त्याची पाठ थोपटली. आईने दोन्ही हातांनी त्याचा चेहरा कुरवाळला.

माझं सरळ मत आहे, दात त्या रात्रीच झाले. दादाच्या बाजूने तरी झाले. काम केल्यावर माणसाला जे मिळतं, कौतुक, माया, ऊर भरून येणं, ते सगळं त्याला हातात मेणाचा गोळा घ्यायच्या आधीच मिळालं. मग राहिलं होतं काय? नुसते कष्ट. जेवण आधीच झालेल्या माणसाला स्वयंपाकघरात पाठवून बघा, कितीशी फोडणी देतोय.

योजना मात्र झक्क होती. त्याच्या खोलीत, आरशाशेजारी, त्याने भला मोठा कागद चिकटवला. निरनिराळ्या रंगांचे चौकोन, चौकोनाला बाण, बाणाला टाचण्या. त्यावरूनच वहिनीने त्याचं नाव 'आराखडेसाहेब' ठेवलं आणि ते लॅबपर्यंत पोचलं. पहिला चौकोन होता, हिरड्या बसू देणे. आता हे खरंच आहे, दात काढल्यावर हिरड्या आकसतात आणि लगेच माप घेतलं तर कवळी पुढे सैल होते. त्याची प्रत्येक चालढकल अशीच शास्त्राला धरून असायची, म्हणून तर त्याला रंगेहाथ पकडता येत नसे. हिरड्या बसल्या. मग आईचे तरुणपणचे हसरे फोटो शोधायचे होते, म्हणजे दातांची ठेवण हुबेहूब येईल. फोटो सापडले, तर त्यात आई तोंड मिटून हसत होती. मग रंग. तो आईला खिडकीत बसवायचा, रंगाच्या नमुन्यांची पट्टी तिच्या गालाला लावायचा, आणि ढग आला की म्हणायचा, "आज उजेड खरा नाही."

तोपर्यंत आई काय खात होती? दुधात भिजवलेला पाव, मऊ भात, कुस्करलेलं केळं, आणि मी मिक्सरमधून काढलेली कसलीतरी हिरवी पातळ आमटी, जी मला स्वतःला बघवत नसे. मी कपडे धुलाईच्या दुकानात काउंटरवर असते. तिथे गिऱ्हाइकाला तारीख दिली की त्या तारखेला कोट हँगरवर लागलेला हवा, नाहीतर गिऱ्हाईक माझी आरती ओवाळतं. दिवसभर लोकांच्या तारखा पाळून घरी यायचं आणि आईला वाटीतून भरवायचं. वर दादाने विचारायचं, "आईची प्रगती कशी आहे?" प्रगती!

आई आयुष्यभर टेलिफोन एक्सचेंजमध्ये होती. तिचा आवाज ऐकून अनोळखी माणसं फोनवर दोन वाक्यं जास्त बोलायची. निवृत्त झाल्यावर रोज दुपारी खाली अंगणातल्या बाकावर बायका जमत, आणि तिथे आईशिवाय पान हलत नसे. कुणाची नक्कल, कुणाची उणीदुणी, साहेबांच्या चोरून ऐकलेल्या भानगडी. दात गेल्यावर तिच्या तोंडून 'स' आणि 'फ' धड येईनात. एकदा एक बाई हसली. बिचारीने मुद्दाम केलं नव्हतं. पण आई त्या दिवसापासून खाली उतरली नाही. खालून हाका यायच्या, "येताय का?" आणि आई मला खिडकीत पाठवायची. मी सांगायचे, झोपलीये, डोकं दुखतंय, पाहुणे आलेत. आमच्याकडे एवढे पाहुणे सात जन्मांत आले नसतील.

दादाची एक युक्ती तर मी जन्मात विसरणार नाही. त्या व्याख्यात्याने सांगितलं होतं की नुसतं 'करीन' म्हणू नका, कामाला रोजच्या सवयीची गाठ मारा. म्हणून दादाने ठरवलं, रविवारी सकाळचा चहा संपला, की ताबडतोब आईच्या दातांना बसायचं. चांगलं ठरवलं होतं, मी नाव ठेवणार नाही. पहिल्या रविवारी चहा संपला आणि तो खरंच बसला, मेणाची हिरडी केली. दुसऱ्या रविवारी त्याने कप अर्धा ठेवून पेपर वाचला. पुढे एक दिवस वहिनी मला जिन्यात भेटली आणि म्हणाली, "ऐकलंस का? ह्यांनी रविवारचा चहा सोडला."

"का?"

"पित्त होतं म्हणे."

आम्ही दोघी जिन्यात बसून हसलो. मग वहिनीचं हसू थांबलं आणि ती म्हणाली, "हसतेस काय, सासूबाईंचे हात बघ किती बारीक झालेत."

ते मलाही दिसत होतं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी आईला काट्यावर उभं केलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच तिला उपाशी ठेवतेय. "चावून खाल्लं पाहिजे ह्यांनी," ते म्हणाले. "आणि चार माणसांत मिसळलं पाहिजे. नाहीतर ह्या अंथरूण धरतील." मी दवाखान्यातून आईला घरी सोडलं आणि तशीच लॅबमध्ये गेले.

दादाच्या टेबलावर कोण्या अनोळखी माणसाची कवळी अर्धी झाली होती, आणि त्याचे हात झपाझप चालले होते. कोपऱ्यात, काचेच्या पेटीत, आईच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा ठेवला होता. त्यावर मेण होतं आणि मेणात पुढचे सहा दात. मी त्याला म्हटलं, "हा कोण लागतो तुझा, ज्याची कवळी एवढ्या भराभर चाललीये?"

"हे काम आहे," तो म्हणाला. "आईचं काम नाहीये, ते... तुला नाही कळायचं. घाईत केली तर ती कवळी होईल. मला दात करायचेत."

"अरे, मग कवळी दे! तिला कवळीच हवीये!"

सगळी लॅब बघायला लागली. दादाचा चेहरा लाल झाला. तो म्हणाला की मागचा आठवडा मोडला, आता मध्येच सुरुवात करण्यात अर्थ नाही, एक तारखेपासून नव्याने बसतो. त्याचं नेहमी हेच. एक दिवस चुकला की सगळा महिना वाया गेला असं धरायचं आणि उरलेला महिना मोकळा फिरायचं. मी मालकांकडे वळले. "मालक, तुम्ही तरी करून द्या. किंवा ह्या बाकीच्यांपैकी कोणी."

मालकांनी हात जोडले. "ताई, त्याची आई आहे. त्याच्या आईच्या दातांना आम्ही कसा हात लावणार? त्याने तोंड कुठे दाखवायचं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईला तोंड नाही आणि ह्यांना दादाच्या तोंडाची पडलीय! त्या दिवशी मला माझा भाऊ नीट उमगला. त्याला काम जमणार नाही अशी भीती मुळीच नव्हती. काम संपेल अशी भीती होती. जोवर दात झाले नव्हते तोवर ते जगातले सर्वात सुंदर दात होते. झाले असते तर नुसते दात झाले असते, आणि आई त्यांनी पाव खात बसली असती.

मी आईला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. ती आधी तयारच होईना. शेवटी एका अटीवर तयार झाली, दादाला कळता कामा नये. डॉक्टरांनी माप घेतलं, दोन-तीनदा बोलावलं, आणि कवळी तोंडात बसवली. आईने आरशात बघितलं, दात दाबून बघितले आणि म्हणाली, "सासूबाई. सफरचंद. साडेसात." सगळे 'स' खणखणीत. घरी आल्यावर तिने टोस्ट खाल्ला. तो कुडुम आवाज ऐकून मी दुसऱ्या खोलीत जाऊन रडले, उगाच खोटं कशाला सांगू.

आई खाली उतरायला लागली. तिच्या अंगावर मांस धरायला लागलं. आणि दादा यायचा दिवस असला की ती कवळी काढून, पेल्यात बुडवून, कपाटात चादरींच्या मागे ठेवायची. मग त्याच्यासमोर बसून दुधातला पाव खायची. दादा तिला आपली योजना सांगायचा, ती मान डोलवायची. मी स्वयंपाकघरात भांडी आपटायचे.

"किती दिवस हे नाटक?" मी तिला विचारलं.

"तुला काय जातंय?" ती म्हणाली. "तो माझ्यासाठी काहीतरी करतोय."

"काय करतोय?"

"करतोय ना," आई म्हणाली, आणि विषय संपला.

मग कवळी डाव्या बाजूला टोचायला लागली. आईला त्या दिवशी चढउतार नको होता, म्हणून तिने टोचायच्या जागी पेन्सिलीने खूण करून दिली आणि मी एकटीच कवळी घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ती हातात फिरवली, जराशी घासली, आणि म्हणाले, "काम मात्र उत्तम आहे. ह्या माणसाच्या कवळ्या परत येत नाहीत." त्यांच्या टेबलाखाली खोकी रचलेली होती. प्रत्येक खोक्यावर छापखान्याच्या वरच्या मजल्याचा पत्ता होता.

मी तिथून तडक लॅबमध्ये गेले. वहिनीचं म्हणणं, मी घरी जायला हवं होतं आणि मूग गिळून गप्प बसायला हवं होतं. मला ते मुळीच मान्य नाही. एवढा वेळ गप्प बसले तेवढं पुरे झालं होतं.

मी रुमाल उघडून कवळी दादासमोर ठेवली. त्याने ती उचलली, उजेडात धरली आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "कोणाची आहे? रंग एक छटा जास्त पांढरा झालाय. वरचे पुढचे दात सरळ एका ओळीत बसवलेत, माणसाचे असे नसतात. पोट भरायचं काम आहे हे." मग त्याने ती उलटी केली. आत, टाळूच्या बाजूला, कारागीर आपली खूण कोरतो, कवळी परत आली तर कोणाकडे द्यायची हे कळावं म्हणून. दादाची खूण दोन तिरप्या रेघा. त्या दोन तिरप्या रेघा तिथे होत्या.

"आईची आहे," मी म्हटलं. "डॉक्टरांच्या नंबरावर आली आणि तू आठवड्यात करून दिलीस. तिचा साचा तुझ्या कोपऱ्यात काचेत पडलाय, आणि तिचं तोंड तुझ्या हातात आलं ते तुला ओळखू आलं नाही. ती टोस्ट खाते. बाकावर बसून गप्पा मारते. तू येतोस तेव्हा काढून ठेवते."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मालक आत निघून गेले. दादा कितीतरी वेळ त्या रेघांवरून अंगठा फिरवत राहिला. मला वाटलं, आता रडेल. मला ते बघायचं होतं. पण त्याने वर बघितलं तेव्हा त्याचे डोळे त्या व्याख्यानानंतर चमकले होते तसेच चमकत होते. "राहू दे इथे," तो म्हणाला. "पाया झालाय. आता फक्त सुधारायचंय. पुढचे सहा दात काढून पुन्हा बसवतो, थोडे तिरके, आणि रंग..."

मी कवळी त्याच्या हातातून ओढून घेतली. तो ओढत होता, मी ओढत होते, पन्नाशीला आलेली दोन माणसं. मी जिंकले आणि घरी आले.

त्या संध्याकाळी दादा आला. न बोलावता आला, धावत जिने चढून आला. आई कवळी घालून जेवत होती आणि लपवायला तिला वेळच मिळाला नाही. तिने हात तोंडावर नेला. दादाने तो हात अलगद खाली घेतला, तिची हनुवटी धरली, खिशातून टॉर्च काढला आणि तिच्या तोंडात बघायला लागला. लहानपणीसुद्धा तो तिच्या एवढ्या जवळ बसलेला मला आठवत नाही. "आई, ही मीच केलीये," तो म्हणाला. "पण मला माहीत नव्हतं तुझ्यासाठी करतोय. माहीत असतं तर अशी केली असती का? दोन दिवस दे. दोनच."

"आई, देऊ नकोस," मी दारातून म्हटलं. "दोन दिवस म्हणजे किती, तुला माहितीये."

आईने आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघितलं. मग ती उठली, मोरीत गेली, कवळी काढून नळाखाली धुतली, स्वच्छ फडक्याने कोरडी केली आणि त्याच्या ओंजळीत ठेवली.

"त्याच्या मनात आलंय गं," ती मला म्हणाली. 'स' नव्हता म्हणून निदान तेवढं वाक्य नीट ऐकू आलं.

दादा कवळी छातीशी धरून जिना उतरला. दुसऱ्या दिवशी दुपारी खालून बायकांनी हाका मारल्या. आई पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती हलली नाही, म्हणून मीच खिडकीत गेले आणि सांगितलं, आईचा घसा बसलाय.